रविवारचा सुरीचा क्लास, २२०० रुपये, आणि आमची विळीवाली आत्या

माझ्या आत्याच्या उजव्या गुडघ्याची वाटी गेल्या वर्षी बदलली. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर बसून कुठलंही काम करायचं नाही. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग भाजी कशावर चिरू?" डॉक्टर हसले, त्यांना वाटलं आजी गंमत करतायत. ती गंमत करत नव्हती. तिच्याकडे एक विळी आहे, लग्नात मिळालेली, पुढे खोवणी असलेली, धार लावून लावून पातं निम्मं राहिलंय, आणि आयुष्यभर तिने सगळं त्याच विळीवर चिरलंय. घरात सुरी आहे, पण ती वाढदिवसाचा केक कापायला आणि आंब्याच्या पेटीची दोरी तोडायला.

मग दोन महिने कामाच्या मावशी भाजी चिरून देत होत्या आणि आत्याचं रोज तोंड वाकडं. कोबी जाड, फरसबीचा एक तुकडा एवढा एक तेवढा, बारका शिजून मऊ होतो तोवर मोठा कच्चाच. शेवटी एक दिवस तिने स्वतःच ती केकची सुरी काढली. मी नेमकी तिथे होते म्हणून सांगते, उजव्या हातात सुरी उभी धरलेली, धार स्वतःकडे, आणि डाव्या हाताने बटाटा त्या सुरीवर ढकलत होती. म्हणजे सुरीची तिने विळी केली होती! मी ओरडले तर म्हणाली, अगं मग कसं धरतात? आणि खरं सांगू का, मलाही नीट सांगता येईना. मी स्वतः बटाटा हातातल्या हातात धरून सुरी अंगठ्याकडे ओढत कापणाऱ्यांतली, आईने केलं तसं. पंधरा वर्षं स्वयंपाक करतेय आणि उत्तर नाही.

तर अशी आमची वरात सुरीने चिरायला शिकवणाऱ्या या क्लासला गेली. क्लासचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. छोटा सेटअप आहे, शिकवणारा मुलगा मनापासून शिकवतो, आणि मला खाली बरंच बोलायचंय, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. पुण्यात असे क्लास आता बरेच निघालेत, कुठल्याही क्लासचे पैसे भरायच्या आधी काय विचारायचं तेवढं कळावं म्हणून लिहिते.

माणशी २२०० रुपये, रविवारी १० ते १:३०, कोथरूडमध्ये आयडियल कॉलनीच्या बाजूला. आत्या पेठेत राहते त्यामुळे मंडईला मेट्रोत बसलो, सिव्हिल कोर्टला बदलली, आयडियल कॉलनीला उतरलो. उलटा वळसा पडतो मान्य, पण सगळीकडे लिफ्ट आहेत, रिक्षात गुडघा दुमडून बसण्यापेक्षा बरं. क्लास मात्र दुसऱ्या मजल्यावर आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही, हे फोनवर कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, ही माझी चूक.

"जास्तीत जास्त १० जण" असं मेसेजमध्ये लिहिलेलं, प्रत्यक्षात आम्ही १४. त्यामुळे चार जणांना धड जागा नाही, पातळ प्लास्टिकचे बोर्ड, जे मधोमध वाकतात. बाकी मंडळी म्हणजे दोन आयटीवाली जोडपी, एक मुलगा जो मास्टर्सला जर्मनीला चाललाय आणि त्याच्या आईने त्याला अक्षरशः हाताला धरून आणून सोडला होता, तीन मैत्रिणी ज्यांनी पहिला अर्धा तास फोटोच काढले, आणि आमची आत्या, वय ६७, नऊवारी नाही पण पाचवारी, वरून त्यांचा काळा एप्रन.

आता पहिली तक्रार, कारण ती पहिल्याच मिनिटाला आली. टेबलं सगळी ३६ इंच उंच. हॉटेलच्या किचनमध्ये असतील तशी, उंच पोरांसाठी ठीक. आत्याची उंची चार फूट दहा. बोर्ड ठेवल्यावर तिचा हात कोपरातून वर उचलला गेला, खांदा कानाला टेकला. असं उभं राहून साडेतीन तास कोण कापणार? शिकवणाऱ्या मुलाच्या लक्षात आलं, त्याने आतून दुधाच्या पिशव्यांचा रिकामा क्रेट आणला आणि उलटा घातला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई क्रेटवर उभी! मी घाबरले, ती चढली. नंतर एका जोडप्यातल्या नवऱ्याने कोपऱ्यातलं एक बुटकं स्टीलचं टेबल ओढून आणलं, त्यावर ते ओव्हन ठेवायचे, आणि मग ती खाली उतरली. सुरी दाबताना कोपर थोडं खाली जायला हवं, हात वरून पडला पाहिजे, ही गोष्ट त्याने पुढे सगळ्यांना शिकवलीच, पण टेबल निवडताना स्वतः विसरला. आत्याचं घर जुनं, त्यातला ओटा बुटका, तिला घरी हा त्रास नाही. पण तुमच्या घरी जो सगळ्यात बुटका माणूस स्वयंपाक करतो त्याला आजवर उगाच खांदेदुखी असेल तर एकदा ओट्याकडे बघा.

शिकवणारा मुलगा तिशीचा, हॉटेल मॅनेजमेंट केलेला, काही वर्षं क्रूझवर होता. सुरुवातीला आत्याला "मॅम मॅम" करत होता, ती म्हणाली, "मॅम नको रे, काकू म्हण, नाहीतर मला वाटतं बँकेत आले."

पहिली ४० मिनिटं फक्त हात. ही ४० मिनिटं २२०० पैकी दोन हजाराची होती असं माझं मत आहे. बाकी सगळं यूट्यूबवर मिळतं, हे मिळत नाही, कारण यूट्यूब तुमचा हात धरून सरळ करत नाही.

उजवा हात आधी. आपण सगळे मूठ वळून सुरीची मूठ धरतो, काही जण तर्जनी पात्याच्या पाठीवर लांब ठेवतात, आत्याने ठेवली होती, मीपण. त्याने सांगितलं पुढे या, अंगठा आणि तर्जनीने खुद्द पातं चिमटीत पकडा, मूठ जिथे संपते त्याच्या लगेच पुढे, आणि उरलेली तीन बोटं मुठीवर. पहिल्यांदा वाटतं आता बोट जाणार. जात नाही, कारण तिथे धार खाली असते आणि बोटं बाजूंना. पण फरक असा काही आहे की सांगून कळणार नाही, पातं डुगडुगायचं एकदम थांबतं. ८ इंची सुरी, म्हणजे २० सेंमीचं पातं, मला आधी तलवार वाटायची, चिमटीत धरल्यावर ती हाताएवढी झाली.

मग डावा हात, आणि इथे सुरी त्याने दिलीच नाही! सगळ्यांना एकेक स्टीलची फूटपट्टी दिली, शाळेत कंपासपेटीबरोबर असायची तसली. बोटांची टोकं आत वळवायची, अंगठा मागे लपवायचा, मधलं पेर पुढे, आणि ती फूटपट्टी त्या पेराला घासत वर-खाली करायची. हाताकडे न बघता. दहा मिनिटं चौदा माणसं काकडीवर फूटपट्टी आपटतायत. तो त्या हाताला काहीतरी इंग्रजी नाव सांगत होता, आत्या म्हणाली "मांजराचा पंजा", मग सगळ्या क्लासमध्ये तेच चाललं, तोसुद्धा "पंजा, पंजा" असंच ओरडायला लागला. आत्याला हे सगळ्यात कठीण गेलं आणि का ते मला घरी येताना मेट्रोत कळलं. विळीवर पातं जागचं हलत नाही, पाय पाटावर दाबलेला, दोन्ही हातांनी भाजी पात्यावर न्यायची, म्हणजे हात म्हणजेच चाल. इथे भाजी गप्प बसते आणि पातं हलतं. पन्नास वर्षांची सवय म्हणून तिचा डावा हात सारखा पुढे सरकायचा, काकडी सुरीकडे न्यायला. सुरीकडे! चार वेळा त्याने येऊन तिचं मनगट बोर्डवर दाबून ठेवलं, पाचव्यांदा म्हणाला, "काकू, हा हात मागे जातो, पुढे कधीच नाही." हे वाक्य तिने पकडलं. अजूनही चिरताना तोंडातल्या तोंडात "मागे, मागे" म्हणते.

बोर्डाखाली ओला करून पिळलेला नॅपकिन. एवढंच. बोर्ड हलत नाही. इतकी साधी गोष्ट आणि मी इतकी वर्षं डाव्या कोपराने बोर्ड अडवून कापत होते, हसू येतं. आणि ज्यांच्याकडे काचेचे छान चित्रांचे बोर्ड आहेत त्यांनी ते गरम भांडी ठेवायला वापरा, काचेवर, स्टीलच्या ताटात, नाहीतर थेट ग्रॅनाइटच्या ओट्यावर कापलं की धार गेलीच समजा. लाकूड नाहीतर जाड प्लास्टिक.

मग कांदा. कांद्यावर पाऊण तास गेला आणि जायलाच हवा, आपल्याकडे कांद्याशिवाय काय होतं? मुळाची गाठ कापायची नाही, फक्त वरचं टोक उडवायचं, गाठीतून उभे दोन भाग करायचे, सालं काढायची, सपाट बाजू बोर्डवर. आता गाठीकडे टोक करून उभे काप द्यायचे पण गाठीपर्यंत पोचायच्या आधी थांबायचं, मग एक किंवा दोन आडवे काप, तळहात वर सपाट ठेवून, आणि मग आडवं चिरत मागे मागे यायचं. गाठ सगळं धरून ठेवते, पाकळ्या सुटत नाहीत, आणि चौकोनी तुकडे आपोआप खाली पडतात. पहिल्यांदा ते पडले तेव्हा जर्मनीवाला मुलगा "आयला" म्हणाला आणि मग आत्याकडे बघून सॉरी म्हणाला.

डोळ्यांतलं पाणी, त्याबद्दल तो म्हणाला सुरी धारदार असेल तर कमी येतं. हे खरं आहे, घरी अनुभव घेतलाय. बोथट सुरी कांदा कापत नाही, चेंगरते, जास्त पेशी फुटतात, आणि कांद्यातली एन्झाइम्स आणि गंधकाची संयुगं एकमेकांत मिसळून तो डोळ्यांत जाणारा वायू तयार होतो. त्यातलं नेमकं कुठलं एन्झाइम रडवतं ते जपानी संशोधकांनी २००२ मध्ये शोधून काढलं आणि २०१३ मध्ये त्यांना त्यासाठी इग्नोबेलपण मिळालं, ते गमतीचं नोबेल असतं ना ते. हे मी नंतर वाचलं. आत्याला सांगितलं तर म्हणाली, आम्ही कांदा सोलून पाण्यात टाकायचो, आम्हाला कुठे बक्षीस मिळालं.

इथे एक छोटी खडाजंगी झाली. तो म्हणाला आता हेच तुमच्या कांदेपोह्यांसाठी स्लाइस करू, उभा. आत्याने सुरी खाली ठेवली. "पोह्यात उभा कांदा?" तो म्हणाला काकू हॉटेलमध्ये घालतात. "हॉटेलात घालतात म्हणून तर आम्ही घरी करतो." मग तिने सांगितलं, पोह्याला बारीक चौकोनी, उभा लांब कांदा भज्यांना, मिसळीवर टाकायचा त्याहून बारीक आणि ऐन वेळी चिरलेला, कोशिंबिरीत घालायचा तर चिरून लगेच दही, नाहीतर उग्र होतो. मुलगा चक्क ऐकत उभा राहिला. माझ्या मते क्लासची हीच खरी उणीव आहे. कुठल्या पदार्थाला कसा आकार आणि का, हे आपल्या घरातल्या पदार्थांवरून सांगितलं असतं तर लोकांना शंभर पटीने लक्षात राहिलं असतं. त्याच्याकडे माहिती सगळी आहे पण क्रूझवरच्या मेन्यूची.

कारण पुढचा सव्वा तास काय, तर गाजराच्या तीन मिलिमीटर जाडीच्या काड्या, मग त्याच काड्यांचे तीन मिलिमीटरचे चौकोन, मग बेसिलची पानं गुंडाळी करून बारीक चिरणं, आणि शेवटी बटाट्याला सात बाजू पाडून पिंपासारखा आकार. गाजराच्या काड्या ठीक, त्याने हात बसतो, एकसारखं कापायची शिस्त लागते. मात्र तो सात बाजूंचा बटाटा! वीस मिनिटं त्यावर. माझ्या बटाट्याला नऊ बाजू झाल्या, शेजारच्या बाईचा सुपारीएवढा उरला, आत्याने सालांचा ढीग बघितला आणि विचारलं, "हे सगळं टाकून देणार?" नाही काकू, स्टॉकला, म्हणजे सूपच्या पाण्याला वापरतात. "कोण वापरतं?" तो गप्प. वीस मिनिटं फुकट, आणि ती वीस मिनिटं नेमकी शेवटी कमी पडली, ते पुढे लिहिते.

कोथिंबीर मात्र छान दाखवली. जुडी कोरडी हवी, ओली असेल तर चिखल होतो. घट्ट मुठीत गोळा करून एकदाच पुढून मागे, सुरीचं टोक बोर्डवर टेकलेलं आणि मागचा भाग झुल्यासारखा. त्याच त्याच कोथिंबिरीवर पंचवीस वेळा सुरी चालवली की बोर्ड हिरवा होतो, आणि तो हिरवा रंग म्हणजेच वास, जो भाजीत जायला हवा होता. आणि चिरलेलं गोळा करताना सुरी उलटी करून पाठीने सरकवायचं, धारेने बोर्ड खरवडायचा नाही. हे मी रोज करत होते, धारेनेच, करकर आवाज काढत.

आणि कोबी. त्याने कोबी सुरीने चिरून दाखवला, चांगला होता, नूडल्सएवढा. आत्या म्हणाली जाड आहे. त्याने आणखी बारीक केला. जाडच. मग तिने मला फोनमधला फोटो काढायला लावला, ऑपरेशनच्या आधी माझ्याकडे डोहाळजेवणाला तिने कोबी चिरला होता त्याचा, परातभर, केसासारखा. मुलाने फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं हे स्लाइसरवर केलंय का. विळीवर, दहा मिनिटांत. त्याने विळी कधी वापरलीच नव्हती, आईकडे आहे म्हणाला. माझं प्रामाणिक मत सांगते, कोबी, मेथी, अळू, फणसाचे गरे, यात सुरीने विळीची बरोबरी होत नाही, निदान आम्हा दोघींकडून तीन महिन्यांत झालेली नाही. दोन्ही हात मोकळे असतात ना तिथे. पण कांदा, टोमॅटो, बटाटा, गाजर, ढोबळी मिरची, यात सुरी पुढे आहे, एकसारखेपणात तर नक्कीच.

मधल्या चहाबद्दल एकच, एवढे पैसे घेऊन माणशी दोन पार्ले बिस्किटं हे बरं दिसत नाही.

आता मुख्य तक्रार. जाहिरातीत "सुरीला धार लावणे" असं ठळक लिहिलं होतं आणि मी खरी त्यासाठीच गेले होते. १:२० ला त्याने दगड काढला. दहा मिनिटं. स्वतः सुरी चार वेळा घासली, कागद कापून दाखवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, एकाच्याही हातात दगड दिला नाही, आणि १:३० ला सुऱ्यांचा सेट विकायला काढला, क्लासवाल्यांना २० टक्के सूट. तीन सुऱ्यांचा सेट, त्यातली मधली कशाला लागते हे अजून कळलेलं नाही. तीन मैत्रिणींनी घेतला. मला हे खटकलं. घरच्या सुरीला धार लावायला शिकवलं तर नवीन सुरी कोण घेणार, असं मनात आलं, आता तो तसा मुलगा वाटत नाही पण वेळापत्रक कोणीतरी तसं बसवलंय.

त्याचा परिणाम दोन आठवड्यांनी दिसला. आम्ही तुळशीबागेच्या मागून एक साधी ८ इंची स्टेनलेसची सुरी घेतली होती, ३५० ची. पहिले दहा दिवस झकास. आत्या रोज मंडईतून किलोभर कांदे आणायची, सरावाला म्हणून, आणि बिल्डिंगमध्ये वाटायची चिरलेले. मग एका संध्याकाळी तिने टोमॅटोवर सुरी टेकवली, सालावरून घसरली, आणि डाव्या तर्जनीचं टोक कापलं. पंजा होता हो, पण सुरी कापेना म्हणून जोर लावला आणि जोर लावला की पंजा सुटतो. टाका नाही पडला, पण तिला मधुमेह असल्यामुळे जखम भरायला तीन आठवडे लागले आणि मला घरच्यांची बोलणी बसली ती वेगळीच. धारदार सुरीपेक्षा बोथट सुरी हात जास्त कापते हे त्याने क्लासमध्ये तोंडाने सांगितलं होतं. हातात दगड दिला असता तर बरं झालं असतं.

मग धार लावण्याच्या मागे मीच लागले. बोहरी आळीतून दोन बाजूंचा दगड आणला, एक बाजू जाडी एक बारीक, २८० रुपये, दुकानदार म्हणाला सुतार हाच नेतात. कसं करायचं ते लिहिते, क्लासने दिलं नाही म्हणून. दगडाखाली ओला नॅपकिन, बोर्डासारखंच. दगडावर पाणी. (तेल वापरणारेही आहेत, पण एकदा तेल लावलं की त्या दगडाला कायम तेलच.) खरी गोम कोनाची. आपल्या साध्या सुऱ्यांना दर बाजूला साधारण २० अंश लागतात, जपानी पातळ सुऱ्यांना १५ च्या आसपास. अंश कोण मोजणार, म्हणून असं करा, पातं साडेचार सेंमी रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून दीड सेंमी वर उचलायची, म्हणजे साधारण अंगठ्याच्या जाडीएवढी, आणि ती उंची शेवटपर्यंत बदलू द्यायची नाही. मी पहिल्या वेळी करंगळीएवढ्या दोन पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून ठेवल्या होत्या मापाला. मुठीपासून टोकापर्यंत हलक्या हाताने घासत जायचं, एकाच बाजूने, जोवर दुसऱ्या बाजूला बोट आडवं फिरवल्यावर बारीक खरखरीत कड लागत नाही. ती कड पूर्ण लांबीला आली की बाजू बदलायची. मग दगडाची बारीक बाजू, आणखी हलका हात, आणि शेवटी दोन्ही बाजूंना एकेकदा. बोट नेहमी धारेवरून आडवं, धारेच्या लांबीने कधीच नाही.

पहिल्या दिवशी मला पाऊण तास लागला आणि सुरी आधीपेक्षा बोथट झाली. तिसऱ्या दिवशी टोमॅटो नुसत्या वजनाने कापला गेला. आपल्या बाजारातल्या सुऱ्यांचं स्टील मऊ असतं त्यामुळे धार लवकर जाते पण लवकर लागतेही, हा फायदाच म्हणा. ती लांब स्टीलची सळई असते ना, खाटकाकडे दिसते, तिने धार लागत नाही, वळलेली धार फक्त सरळ होते. रोज दोन हात मारा, पण दगड चुकत नाही. आणि सायकलवर चाक फिरवत येतो त्या धारवाल्याकडे विळी जरूर द्या, चांगली सुरी देऊ नका, ठिणग्या उडतात तितकं लोखंड जातं, दोन वर्षांत सुरीची पट्टी होते.

गंमत म्हणजे धार लावणं आत्याने माझ्याहून लवकर उचललं. कोन बरोबर, दाब बरोबर, हात एका लयीत. विचारलं तर म्हणाली, "सहाणेवर गंध उगाळलंय ग जन्मभर." आता बिल्डिंगमधल्या बायका तिच्याकडे सुऱ्या आणून देतात. ती खुर्चीवर बसून, पुढ्यात स्टूल, त्यावर दगड. क्लासमध्ये पुढच्या महिन्यात मासे साफ करायची बॅच आहे असा मेसेज आला, तिने मला उत्तर टाइप करायला लावलं, की मासे आम्ही खात नाही पण धारेची वेगळी बॅच काढलीत तर मी शिकवायला येईन, टेबल मात्र बुटकं हवं. त्याने तीन हसरे चेहरे आणि "नक्की काकू" पाठवलंय.

विळी अजून आहे. नारळासाठी ओट्याला स्क्रूने आवळायची खोवणी घेतली, काकडी कोचवायला छोटी सुरी आणि हातातल्या हातातच, तिथे ती कोणाचं ऐकत नाही, खमंग काकडी बोर्डवर होत नाही म्हणते. कोबीला मात्र मी जाते. मी विळीवर बसते आणि ती खुर्चीतून सांगते, जाड होतोय.

जायचं का? ज्याला सुरी धरायची कशी हेच माहीत नाही त्याने जावं, आमच्यासारख्यांनी. ज्यांचा हात बसलाय त्यांनी २२०० रुपये दगड आणि एका बऱ्या सुरीवर घालावेत, पैसे उरतील. बुकिंग करताना विचारा, बॅचमध्ये नक्की किती जण, टेबलाची उंची किती, लिफ्ट आहे का, आणि दगड स्वतःच्या हातात मिळणार का नुसतं बघायचं. डावखुरे असाल तर तेही आधी सांगा, आमच्यात एक होती, तिला प्रत्येक गोष्ट आरशात बघितल्यासारखी उलटी करावी लागत होती आणि तिच्याकडे त्याचं लक्ष शेवटी शेवटी गेलं.

आणि चिरलेली भाजी घरी न्यायला देतात, हे कोणी आधी सांगत नाही. सगळे पिशव्या शोधत होते, आत्याच्या पर्समधून डबा निघाला. तुम्ही दोन न्या, कोथिंबिरीचा वेगळा.